ऐच्छिक लवाद म्हणजे नक्की काय? मध्यस्थ आणि लवाद एकच का?

प्रश्न : कामगार आणि मॅनेजमेंटच्या एका कराराचा मसुदा वाचतोय. एका पानावर "ऐच्छिक लवाद" आणि पुढच्या पानावर त्याच माणसाला "मध्यस्थ" म्हटलंय. दोन्ही एकच का? आणि ऐच्छिक आहे म्हणजे निकाल पटला नाही तर सोडून देता येतो का?

प्रतिसाद : एकच नाहीत, मसुदा दुरुस्त करून घ्या. मध्यस्थ दोघांना बोलतं करतो, तोडगा सुचवतो, पटलं तर घ्या नाहीतर संपलं. लवाद दोन्ही बाजू ऐकून निवाडा देतो आणि तो पाळावा लागतो. गोंधळाचं एक कारण हिंदी आहे, तिकडच्या कायद्यात लवादालाच माध्यस्थम् म्हणतात आणि भाषांतर करणारा तेच उचलतो. सरकारी समेट अधिकारी हा तिसराच, तो समेट घडवायला बसलेला असतो, निवाडा द्यायला नाही.

"ऐच्छिक" हे फक्त आत शिरण्यापुरतं. जायचं की नाही आणि कोणाकडे जायचं हे दोघांनी मिळून ठरवायचं. एकदा सह्या झाल्या की मग "आम्हाला नाही पटलं" चालत नाही.

प्रतिसाद : मग पेपरात हरित लवाद, कृष्णा पाणी तंटा लवाद येतं ते काय? तिथे कोण राजीखुशीने सही करून जातं?

प्रतिसाद : ती न्यायाधिकरणं हो, म्हणजे कायद्याने नेमलेली कोर्टासारखी मंडळं, पेपरवाल्यांना लवाद सुटसुटीत वाटतं म्हणून तेच रूढ झालं. मुळात लवाद म्हणजे निवाडा करणारा माणूस, "लवाद नेमला" म्हणतात ते त्यातूनच. कामगार कायद्यात मात्र हा फरक जपायलाच हवा कारण १९४७च्या औद्योगिक विवाद कायद्यात दोन्ही वाटा वेगळ्या होत्या, न्यायाधिकरणाकडे वाद सरकार पाठवायचं आणि लवादाकडे दोन्ही पक्ष स्वतः लेखी कराराने जायचे, तेही सरकारने तो वाद कोर्टाकडे पाठवायच्या आधी. हे कलम १०-अ, १९५६ साली घातलेलं. लवाद दोन किंवा चार असे सम संख्येत असले आणि त्यांचं एकमत झालं नाही तर निकाल द्यायला करारातच एक अंपायर नेमून ठेवायचा (हो, कायद्यातही अंपायरच!). २०२०च्या औद्योगिक संबंध संहितेतही ऐच्छिक लवाद ठेवलाय.

प्रतिसाद : जुनं उदाहरण हवं तर अहमदाबादच्या गिरण्या, १९१८. कामगार ३५ टक्के वाढ मागत होते, मालक २० वर अडून. गांधीजींच्या उपोषणानंतर जो तोडगा निघाला तो भारी आहे, पहिल्या दिवशी ३५ टक्के द्यायचे म्हणजे कामगारांचा शब्द राहिला, दुसऱ्या दिवशी २० म्हणजे मालकांचा राहिला, आणि तिसऱ्या दिवसापासून लवादाचा निवाडा येईपर्यंत मधला आकडा, साडेसत्तावीस. लवाद होते आनंदशंकर ध्रुव, त्यांनी ३५ टक्केच दिले. इथे ध्रुवांना मध्यस्थ म्हटलं तर चुकेल, त्यांनी आकडा ठरवून दिला.

मूळ प्रश्नकर्ता : छान. मग मसुद्यात सगळीकडे लवाद करतो. पण जी युनियन सहीच करत नाही तिला निवाडा लागू होतो का?

प्रतिसाद : एरवी नाही, निवाडा करारात असलेल्यांवरच बंधनकारक. पण जुन्या कायद्यात अशी सोय होती की सही करणारे दोन्ही बाजूंच्या बहुमताचे आहेत अशी सरकारची खात्री पटली तर तशी अधिसूचना काढायची, मग बाकीच्यांना लवादापुढे म्हणणं मांडायची संधी मिळायची आणि निवाडा त्यांनाही लागू व्हायचा. तुमच्या मसुद्यात "सर्व कामगार" लिहिलंय की "सही करणारे पक्ष", ते आधी बघा.