आईसाठी एक रात्र 'टाऊन'मध्ये: छोटं, छान हॉटेल सुचवा (बजेट १० हजार)

नौपाड्याची_लेक | शुक्रवार, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. आई डिसेंबरात रिटायर झाली. फोर्टमधल्या एका बँकेत ३४ वर्षं. रोज ठाणे ते व्हीटी, आणि संध्याकाळी ५:५२ ची ठरलेली लोकल. परवा जेवताना सहज म्हणाली, "इतकी वर्षं गेले, पण तिथे रात्र कशी होते ते काही पाहिलं नाही. काळोख पडेस्तोवर घाटकोपर गेलेलं असायचं."

तर वाढदिवसाला तिला एक रात्र तिकडे राहायला न्यायचं ठरवलंय. आई आणि मी, दोघीच. बाबा "घरचा पलंग काय वाईट आहे?" म्हणून येत नाहीयेत.

फाइव्ह स्टार नको, आईला लॉबीतच दडपण येतं. बुटीक हॉटेल म्हणतात तसं हवं. मोजक्या खोल्या, जुनी इमारत, थोडा थाट, स्वच्छता. गुडघे दुखतात म्हणून लिफ्ट हवीच. रविवार दुपार ते सोमवार दुपार. बजेट कर धरून १० हजार. अनुभव असेल तर सांगा.

घोडबंदरग्रस्त | रात्री १०:५२

ताज. विषय संपला. आमच्या पंचविशीला (लग्नाच्या, वयाच्या नव्हे) राहिलो होतो. पण घ्यायचं तर जुन्या इमारतीत घ्या, १९०३ ची ती. शेजारचा टॉवर १९७३ चा, त्यात राहून "ताजला राहिलो" सांगणारे बरेच आहेत. बजेट जरा वाढवा. आई काय रोज रिटायर होते?

नौपाड्याची_लेक | रात्री १०:५८

काका, "जरा" म्हणजे किती ते मी आत्ताच बघितलं. घाम फुटला.

वाशीची_वैनी | रात्री ११:१०

टाऊनचा अट्टाहास कशाला म्हणते मी? बेलापूरचं द पार्क बघा. पाम बीच रोडने जायचं, पार्किंगची कटकट नाही, मोकळी हवा. आम्ही दर वर्षी एक रात्र जातो. आणि टाऊनलाच जायचं तर अटल सेतू आहेच.

तलावपाळी_टाइम्स | रात्री ११:१४

वैनी, त्यांच्या आईंना व्हीटीची रात्र बघायचीय, बेलापूरची नाही. आणि ठाण्याहून अटल सेतू? कान असा डोक्यामागून पकडायचा, वर एका बाजूचे २५० रुपये टोल द्यायचे?

वाशीची_वैनी | रात्री ११:१७

ठाणेकरांना नवी मुंबईचं कधी चांगलं बघवलंय का!

गप्प_बसा_संस्थापक | रात्री ११:३०

आमच्या लहानपणी बुटीक म्हणजे ब्लाउज शिवायचं दुकान. आता तिथे झोपायचं पण?

(पॉपकॉर्न घेऊन बसलोय.)

इतिहासाचा_कीडा | शनिवार, सकाळी ७:०५

अवांतर: पहिली गाडी १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदर ते ठाणे धावली, अंतर ३४ किमी. तुमच्या आईंची नोकरी ३४ वर्षं. किमीला एक वर्ष पडलं. आणि व्हीटी नव्हे हो. १९९६ पासून सीएसटी, २०१७ पासून सीएसएमटी.

नौपाड्याची_लेक | सकाळी ८:२०

आईच्या पासावर तिन्ही नावं येऊन गेली. तोंडात व्हीटीच राहिलं.

सरळ_सांगतो | सकाळी ९:४५

धागा वाचला. हॉटेलचं नाव मी सांगणार नाही, कारण माझ्या आवडीचं तुम्हाला आवडेलच असं नाही. (मागे एकाला सुचवलं होतं, तो अजून बोलत नाही.) पण कामानिमित्त तिकडच्या जुन्या इमारतींतल्या लहान हॉटेलांत बराच राहिलोय. बुकिंग ॲपवरून करा हवं तर, आधी हॉटेलला फोन करून एवढं विचारा:

खिडकी कशावर उघडते? स्वस्त खोली बहुतेक वेळा आतल्या चौकावर नाहीतर डक्टवर असते. फोटोत पडदा ओढलेला दिसला की समजून जा. मी एकदा दोन रात्री कबुतरांसमोर काढल्यात.

लिफ्ट रस्त्यापासून आहे का? "लिफ्ट आहे" हे खरं असतं, पण आठ पायऱ्या चढून गेल्यावर. गुडघेवाल्यांना त्या आठच पायऱ्या महत्त्वाच्या.

बाथरूम खोलीला जोडून आहे ना? हसू नका. रीगलजवळ लँडस्डाउन हाउसमध्ये अबोड नावाचं हॉटेल आहे, फार सुंदर सजवलेलं, मी गेलो तेव्हा तिथल्या साध्या खोल्यांना बाथरूम सामायिक होतं. लिहिलेलं असतं, आपण वाचत नाही.

चेक-इनला कार्डावर अनामत अडकवतात. डेबिट कार्ड देऊ नका. माझे ३००० परत यायला आठ दिवस लागले, त्यात माझा हप्ता चुकला.

मुलुंडचे_मामा | सकाळी १०:१०

खिडकी बघून घ्या. लिफ्टपण बघा, गुडघे आहेत ना.

गप्प_बसा_संस्थापक | सकाळी १०:१२

मामा, वरचं वाचून लिहिलंत की न वाचता?

मुलुंडचे_मामा | सकाळी १०:३०

अनुभवाने लिहिलं.

हिशेबनीस | सकाळी ११:००

कराचं कोणी बोललंच नाही. खोलीचं भाडं रात्रीला ७,५०० पर्यंत असेल तर जीएसटी ५ टक्के, त्यावर गेलं की सगळ्या रकमेवर १८. सप्टेंबर २०२५ च्या आधी खालच्या टप्प्याला १२ होता. म्हणजे ७,५०० ची खोली ७,८७५ ला पडते आणि ७,६०० ची ८,९६८ ला. शंभर रुपयांच्या फरकाला १,०९३ मोजायचे. त्यापेक्षा त्यांनाच शंभर कमी करायला लावा. लहान हॉटेलवाले फोनवर ऐकतात.

घोडबंदरग्रस्त | सकाळी ११:२०

कर छापील भावावर लागतो. दारामागच्या पाटीवर १२ हजार लिहिलं असेल तर १८ च लागणार. मला शिकवू नका, मी ताजचं बिल भरलंय.

हिशेबनीस | सकाळी ११:३१

ते २०१८ च्या जुलैपर्यंत. आता प्रत्यक्ष जे भाडं घेतलं त्यावर लागतो. ताजचं बिल कोणत्याही हिशेबाने १८ मध्येच जाणार, त्यामुळे तुम्हाला फरक कळला नसेल.

कळव्याचा_किरण | दुपारी १२:१५

सर्वात महत्त्वाचं राहिलं. लोकल आयडी! आम्ही नवरा-बायको अंधेरीत एका हॉटेलला रात्री ११ ला पोहोचलो, बुकिंगचे पैसे भरलेले. काउंटरवरचा मुलगा आधार बघून म्हणतो, "पत्ता ठाणे जिल्हा आहे, लोकल आयडी चालत नाही." लग्नाला नऊ वर्षं झालेली, बायकोच्या हातात झोपलेलं पोर. शेवटी रिक्षाने भावाकडे गेलो. पैसे अर्धेच परत मिळाले.

पाचपाखाडी_पोस्ट | दुपारी १२:२२

असा कायदा नाहीये. हॉटेलने स्वतः केलेला नियम असतो.

कळव्याचा_किरण | दुपारी १२:२५

रात्री ११ वाजता तो कायदा कोणाला दाखवू, पोराला?

पाचपाखाडी_पोस्ट | दुपारी १२:४०

म्हणूनच आधी फोन करून "पत्ता ठाण्याचा आहे, चालेल ना?" विचारायचं आणि उत्तर मेसेजवर घ्यायचं. दोघी बायका आहात, बहुतेक अडवणार नाहीत, पण लेखी असू दे.

मुलुंडचे_मामा | दुपारी १:०५

जायचं कसं? गाडीने गेलात तर टोल धरा.

तलावपाळी_टाइम्स | दुपारी १:०८

मामा, मुंबईच्या पाचही नाक्यांवर हलक्या गाड्यांना टोल माफ होऊन वर्ष उलटलं. ऑक्टोबर २०२४. तुमच्या घराबाहेरचाच नाका आहे!

मुलुंडचे_मामा | दुपारी १:२०

मी गाडी विकली २०१९ ला.

मेट्रोमॅन_मानपाडा | दुपारी १:३५

मेट्रो ३ ने जा की. आरे ते कफ परेड पूर्ण सुरू झालीये.

गप्प_बसा_संस्थापक | दुपारी १:३७

ठाण्याहून आरेला पोहोचेपर्यंत त्या लोकलने व्हीटीला जाऊन वडापाव खाऊन परत येतील.

मेट्रोमॅन_मानपाडा | दुपारी १:५०

हसा. पण तिथे पोहोचल्यावर उपयोग आहे. हुतात्मा चौक, चर्चगेट, विधान भवन, कफ परेड, सगळीकडे सरकते जिने आणि एसी. गुडघेवाल्या माणसाला टॅक्सीशी हुज्जत घालण्यापेक्षा बरं.

चर्चगेट_रिटर्न | दुपारी ३:००

एवढ्या प्रतिसादांत समुद्राचं नाव नाही? मरीन ड्राइव्हला घ्या. सी ग्रीन बघा. जुनी आर्ट डेको इमारत, समुद्रावर बाल्कनी. त्या सगळ्या इमारती २०१८ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहेत. फर्निचर जुनं आहे, झुंबरं नाहीत, पण रात्री दोन वाजता बाल्कनीत खुर्ची टाकून बसायचं. आईंना दुसरं काही लागणार नाही.

वाशीची_वैनी | दुपारी ३:१२

हे मात्र पटलं. समुद्र हवाच.

मुलुंडचे_मामा | दुपारी ३:१५

समुद्राकडची खोली घ्या.

घोडबंदरग्रस्त | दुपारी ३:४०

समुद्र ताजमधूनही दिसतो. बरं, राहू नका, निदान सी लाउंजमध्ये संध्याकाळचा चहा तरी घ्या. झोपायला कुठेही जा.

नौपाड्याची_लेक | दुपारी ४:३०

सगळ्यांचे आभार. समुद्राचं आईला विचारते. फोर्टातच, तिच्या बँकेच्या मागच्या गल्लीजवळ एक लहान हॉटेल दिसतंय. जुनी दगडी इमारत, खोल्या थोड्याच. तिथे कोणी राहिलंय का?

चर्चगेट_रिटर्न | दुपारी ४:३८

फोर्टात रविवारी? अजिबात नको. शटरं बंद, रस्त्यावर माणूस नाही, धड चहा मिळाला तर नशीब. मुद्दाम पैसे देऊन स्मशानशांतता!

तलावपाळी_टाइम्स | दुपारी ४:४५

+१. रविवारी तिथे फक्त क्रिकेट खेळणारी पोरं असतात.

सरळ_सांगतो | संध्या. ५:१०

ओसाड असतं हे खरं. झोप मात्र छान लागते.

नौपाड्याची_लेक | रविवार, सकाळी १०:००

आईला सगळा धागा वाचून दाखवला. ताजच्या बिलाला हसली. समुद्राबद्दल म्हणाली, "समुद्र बघितलाय. सुटल्यावर भेळ खायला जायचो की कधीमधी. मला ऑफिसचीच गल्ली बघायचीय, रिकामी."

तेव्हा सर्वांची माफी मागून फोर्ट. फोन केला. खिडकी रस्त्यावर, लिफ्ट रस्त्यापासून, ठाण्याचा आधार चालेल असा मेसेज घेतला. ७,८०० सांगत होते, हिशेबनीसांचं नाव न घेता ७,२०० वर आणलं. कर धरून ७,५६०, न्याहारीसकट. पुढच्या रविवारी जातोय.

हिशेबनीस | सकाळी १०:०४

नाव घेतलं असतं तरी चाललं असतं.

चर्चगेट_रिटर्न | सकाळी १०:२०

पस्तावाल. मी सांगितलं होतं एवढं लक्षात ठेवा.

नौपाड्याची_लेक | (नऊ दिवसांनी) मंगळवार, रात्री ९:३०

जाऊन आलो. वृत्तांत द्यायचं कबूल नव्हतं केलं, पण देते.

माटुंगा-मुलुंड मेगाब्लॉक विसरलो होतो. लोकलच हवी हा आईचा हट्ट, त्यामुळे रखडत गेलो. खोली छान, उंच छत, जुना लाकडी पलंग. फोटोत दिसते त्याच्या पाऊणपट. गरम पाणी यायला दहा मिनिटं लागतात आणि एसी रात्रभर कुरकुरतो. हे लिहितेय कारण कोणीतरी विचारणारच.

चर्चगेट_रिटर्न यांचं खरं होतं, गल्लीत कुत्रंसुद्धा नव्हतं. रात्री साडेदहाला चालत व्हीटीपर्यंत गेलो. इमारतीवर रंगीत दिवे सोडलेले. आई समोरच्या बाजूला महापालिकेच्या पुढ्यात उभी राहून बराच वेळ बघत होती. म्हणाली, "हिला तोंड आहे हे मला माहीतच नव्हतं. मी कायम पोटातून धावत बाहेर यायचे."

खरी मजा सोमवारी. ९ वाजता चहा घेऊन खिडकीत बसली, गाऊनवर. खाली लोंढा सुरू झाला. आणि ही वरून सांगतेय, "ही ठाणे लोकलची माणसं. आता पाच मिनिटं रस्ता मोकळा, मग कर्जतवाले येतील. बघ, पळताहेत, म्हणजे गाडी लेट." तेवढ्यात तिच्या सेक्शनमधली एक मैत्रीण खालून जाताना दिसली. आईने दुसऱ्या मजल्यावरून अशी हाक मारली की अर्धी गल्ली वर बघायला लागली. त्या बाई वर आल्या, चहा प्यायल्या, दोघी हसून हसून लाल. मैत्रिणीला त्या दिवशी लेट मार्क.

हॉटेलने त्या तिसऱ्या चहाचे १८० लावले.

घोडबंदरग्रस्त | रात्री ९:४१

१८०!! एवढ्यात ताजला... नाही, ताजला नाही येत. पण १८० जास्तच आहेत.

हिशेबनीस | रात्री ९:४४

बिल टाका, कर कसा लावलाय बघतो.

चर्चगेट_रिटर्न | रात्री ९:५०

समुद्राकडच्या खोलीत एसीच लावावा लागला नसता. असो. आईंना नमस्कार सांगा.

कळव्याचा_किरण | रात्री १०:०२

आधार मागितला का काउंटरवर?

नौपाड्याची_लेक | रात्री १०:०५

मागितला. बघितलाही नाही, नुसती झेरॉक्स काढली.

मुलुंडचे_मामा | रात्री १०:३०

छान. पुढच्या वेळी समुद्राकडची घ्या.

पनवेल_प्रवासी | रात्री ११:१५

धागा वर आलाच आहे म्हणून इथेच विचारतो. मलाही असंच एका रात्रीसाठी टाऊनला राहायचंय. मी, बायको आणि कुत्रा. बजेट ४ हजार. कुत्रा लॅब्रेडॉर आहे, शांत आहे.

वाशीची_वैनी | रात्री ११:१८

बेलापूर बघा.