लांडग्यांचा कळप: शिकारीसाठी की पंगतीसाठी?

उत्तरायण (चर्चाप्रस्ताव):
आपल्याहून दहापट वजनाचा मूस (हरणाच्या कुळातला धिप्पाड प्राणी) एकट्याला पाडता येत नाही म्हणून लांडगे कळपाने राहतात, हे विधान इतक्या वेळा वाचायला मिळते की त्यावर शंका घेण्याची गरजच कोणाला वाटत नाही. उत्तरेकडील जंगलांतील नोंदी पाहता मला ते अर्धवट वाटते. मारण्यासाठी मोठा कळप फारसा लागत नाही. तो लागतो मारलेले वेळेत खाऊन संपवण्यासाठी आणि पिल्ले पोसण्यासाठी.

उत्तर अमेरिकेतील सुपिरियर सरोवरातल्या आइल रॉयल बेटावर ड्युरवर्ड ॲलन यांनी १९५८ मध्ये लांडगे आणि मूस यांचा अभ्यास सुरू केला. त्यांचे विद्यार्थी डेव्हिड मीच यांनी हिवाळ्यात लहान विमानातून पंधरा-सोळा लांडग्यांच्या कळपाचा माग काढला. कळपाने ज्या मूसांना खरोखर आजमावून पाहिले, त्यांपैकी शंभरात आठदेखील मेले नाहीत. जो मूस पळण्याऐवजी पाय रोवून उभा राहिला, त्याच्यासमोर तो सगळा कळप थोडा वेळ घुटमळून पुढे निघून जाई; कारण खुराचा एक नेमका फटका लांडग्याची बरगडी मोडायला पुरेसा असतो. उलट, एकट्या लांडग्याने मूस मारल्याच्याही नोंदी आहेत.

मग कळप कशासाठी? मूस पडल्यावर लांडगे पोट फाडून आधी यकृत, हृदय आणि फुप्फुसे खातात, जठरातला अर्धवट पचलेला चारा तेवढा बर्फावर सांडून देतात, नंतर मांड्यांकडे वळतात आणि सर्वांत शेवटी हाडे फोडून मज्जा काढतात. एक लांडगा एका बैठकीला नऊ-दहा किलोपर्यंत मांस खाऊ शकतो. जोडीच असेल तर तीनचारशे किलोचे ते धूड संपायला कितीतरी दिवस लागतात आणि त्या काळात डोमकावळे गप्प बसत नाहीत. ते लांडग्यांच्या मागावरच असतात, थव्याने उतरतात, आणि जागेवर खातात त्याहून जास्त मांस उचलून नेऊन इतरत्र दडवून ठेवतात. जॉन व्हुसेटिच, रॉल्फ पीटरसन आणि त्यांच्या सहकाऱ्याने २००४ मध्ये आइल रॉयलच्या नोंदींवरून दाखवले की डोमकावळ्यांची ही लूट हिशेबात धरली, तरच मोठ्या कळपात राहणे लांडग्याला परवडते. ती वगळली तर दरडोई मांस जोडीलाच सर्वाधिक मिळायला हवे.

हिमरेषा:
प्रस्तावातील निरीक्षणे मान्य आहेत, निष्कर्ष मान्य नाही. शंभरातले ब्याण्णव मूस वाचले, यावरून मूस मारणे अवघड आहे एवढेच कळते. कळपाचा उपयोग होतो की नाही, हे कळत नाही. त्यासाठी लहान आणि मोठ्या कळपांचे यश शेजारी ठेवून पाहावे लागेल, आणि ते काम अमेरिकेतील यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात झाले आहे. १९९५-९६ मध्ये कॅनडातून तिथे ३१ लांडगे आणून सोडले गेले. त्यांच्या शिकारींचे डॅनियल मॅकनल्टी आणि सहकाऱ्यांनी जे विश्लेषण केले, त्यात एल्कच्या (मूसहून लहान, पण हरणाच्याच कुळातला प्राणी) बाबतीत यश सुमारे चार लांडग्यांपर्यंत वाढते आणि पुढे थांबते. बायसनच्या (गव्यासारखा रानटी बैल) बाबतीत मात्र ते नऊ ते तेरा लांडग्यांपर्यंत वाढत जाते. बायसन वजनाला एल्कच्या दुप्पट-तिप्पट, शिवाय एकमेकांना धरून उलट चाल करून येणारा. म्हणजे कळप शिकारीसाठी लागतो की नाही, हे समोर कोण उभे आहे त्यावर ठरते. 'फारसा लागत नाही' असे सरसकट म्हणणे मला घाईचे वाटते.

दुसरा मुद्दा डोक्याचा. मिनेसोटातील व्हॉयेजर्स राष्ट्रीय उद्यानात लांडगे बीव्हरच्या (पाण्याकाठी राहणारा, झाडे कुरतडणारा प्राणी) पायवाटेशेजारी तासन्‌तास दबा धरून पडून राहतात, तेही बहुतेक वेळा बीव्हरला त्यांचा वास जाणार नाही अशा बाजूला. बीव्हरची नजर अधू आणि नाक तीक्ष्ण असते. जो प्राणी एवढे ओळखून जागा निवडतो, तो एल्कला घेरताना साथीदारांशी मेळ साधत नाही, हे मानणे कठीण आहे.

उत्तरायण:
बीव्हरचे उदाहरण माझ्याच बाजूने आहे. तिथे दबा धरून बसतो तो बहुधा एकटाच लांडगा. उन्हाळ्यात कळपातील लांडगे सुटे-सुटे हिंडतात, बीव्हर आणि हरणांची पाडसे टिपतात, ब्लूबेरीसुद्धा खातात, आणि गुहेशी परतून पिल्लांपुढे पोटातले ओकून टाकतात. डाव मांडण्याची अक्कल आहेच. ती कळपातून येते, याला पुरावा नाही.

घेरण्याबद्दल म्हणाल, तर २०११ मध्ये मुरो आणि सहकाऱ्यांनी संगणकावर केलेला एक प्रयोग पाहावा. त्यातील प्रत्येक 'लांडग्या'ला दोनच नियम दिले होते: सावजाच्या सुरक्षित अंतरापर्यंत जवळ जा, आणि तिथे पोचल्यावर इतर लांडग्यांपासून दूर सरक. ना नेता, ना इशारे. तरीही वेढा आपोआप पडला. बायसनचा आकडा मला मान्य आहे, परंतु एल्कच्या विश्लेषणातच अतिरिक्त लांडगे मागे राहून अंग राखतात असे दिसले, तेही विसरू नये. इजा दुसऱ्याने सोसायची आणि जेवायला आपण हजर, ही वागणूक पंगतीचीच म्हणावी लागेल.

तळटीप:
संगणकातला वेढा दोन नियमांनी पडला, म्हणून जंगलातला वेढाही तसाच पडतो असे ठरत नाही. एवढेच ठरते की केवळ वेढा पाहून 'योजना' म्हणता येणार नाही. हे दोन्ही बाजूंना लागू आहे.

सूचिपर्ण:
माझा आक्षेप डोमकावळ्यांवर आहे. आइल रॉयलवर अस्वले नाहीत. जिथे ती आहेत, तिथे शिकारीवरचा सर्वांत मोठा वाटेकरी पक्षी नसून अस्वल असते, आणि त्याच्यापुढे चार लांडगे जास्त असल्याने किती फरक पडत असेल, याची शंका आहे. स्कँडिनेव्हिया आणि यलोस्टोन येथील नोंदी एकत्र करून २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात उलटेच चित्र दिसले: तपकिरी अस्वलांच्या सहवासात राहणारे लांडगे अधिक वेळा शिकार करून नुकसान भरून काढत नाहीत, तर कमी वेळा शिकार करतात. त्याच स्कँडिनेव्हियात नुसती जोडीही वर्षभर मूसवर गुजराण करते, कारण दीर्घकाळ लांडग्यांवाचून राहिलेले तिथले मूस उत्तर अमेरिकेतल्यासारखे पाय रोवून उभे राहत नाहीत आणि शिकार बरीच सोपी जाते. तरीही तिथे कळप बनतात, आणि ते बहुतेक आई-वडील व त्यांची एक-दोन वर्षांची संतती एवढेच असतात. त्यामुळे प्रस्तावातील दोन कारणांपैकी पिल्ले पोसण्याचे कारण मी ठेवीन. मांस वेळेत संपवण्याचे कारण अस्वले नसलेल्या बेटापुरतेच राहू द्यावे.

हिमरेषा:
आणि बायसन?

सूचिपर्ण:
बायसनपुरता कळप शिकारीसाठीच, हे मान्य. पण बायसनवर जगणारे लांडगे उत्तरेत मोजक्याच ठिकाणी आहेत. कॅनडातील वुड बफेलो राष्ट्रीय उद्यान हे त्यांतले मोठे. बाकीच्या जंगलभर मूस, एल्क आणि हरणेच आहेत.