पांढरा रस्सा फुटला, कुणी आहे का घरात? (आमच्या बिल्डिंगच्या ग्रुपवरून)

बी-३०२ (रविवार, सकाळी ११.२०): काकू, कुणीतरी उत्तर द्या लवकर. पांढरा रस्सा फुटला. वर तेलाचा तवंग आणि खाली गुठळ्या. व्हिडिओत होतं तसंच केलं सगळं. १ किलो मटणाचा आहे हो. आखाडातला शेवटचा रविवार म्हणून नणंदेकडच्या चौघांना बोलावलंय, दीडला येतील.

ए-१०१ काकू: आधी गॅस बंद कर. दही घातलंस काय?

बी-३०२: हो, अर्धी वाटी. नारळाचं दूध घरीच काढलेलं, फ्रीजमधलं तसंच ओतलं आणि झाकण ठेवून १० मिनिटं उकळलं.

ए-१०१ काकू: मग फुटणारच की गं. पांढऱ्याला दही कशाला? अळणी पाणी म्हणजे मटण शिजवलेलं पाणी, काजू-तीळ-खसखशीचं वाटण आणि अगदी शेवटी नारळाचं दूध. ते पडलं की पळी हलवत राहायची, कडेनं बारीक बुडबुडे दिसले की उतरायचं. खळखळून उकळू द्यायचं न्हाई. आता असं कर, मटणाचे तुकडे बाजूला काढ, रस्सा गाळून कोमट होऊ दे. गरम फिरवलास तर मिक्सरचं झाकण उडंल. मूठभर काजू भिजवून बारीक वाट, त्याच्यासंगं रस्सा फिरव आणि मंद आचेवर ठेव. थांब, मीच येतो वर.

सी-४०३: ताई, तुमचं काही चुकलं नाही. तो व्हिडिओ मी आत्ता बघितला. त्यात पाकिटातलं नारळाचं दूध आहे. पाकिटातल्या दुधात बहुतेक वेळा ते फुटू नये म्हणून घटक घातलेले असतात, त्यामुळे उकळी सोसतं. घरी काढलेल्या दुधात तेलाचे थेंब धरून ठेवायला फक्त नारळातली प्रथिनं. जोराची उकळी आली की ती आवळतात, तेल सुटतं, वर दह्याचा आंबटपणा. एवढी एक ओळ सांगायला काय हरकत होती? बघणाऱ्या बाईचं मटण जातं, सकाळ जाते, आणि पाहुण्यांसमोर मान खाली तिचीच.

ए-२०४: आमच्याकडं लेकीच्या वाढदिवसाचा केक असाच गेला. रेसिपीत ३५० डिग्री होतं. आमच्या ओटीजी ओव्हनचा काटा २५० च्या पुढं जातच नाही, म्हणून शेवटपर्यंत फिरवला. वरून कोळसा, आत कच्चं पीठ. पोरगी काही बोलली नाही, मेणबत्ती लावून बसली गुपचूप. ते अजून डोळ्यासमोरून जात नाही.

सी-४०३: ते ३५० फॅरेनहाइट असणार दादा. आपल्या ओटीजीवर सेल्सिअस असतं, म्हणजे साधारण १८०.

ए-२०४: आणि बेकिंग पावडर नव्हती म्हणून २ चमचे खायचा सोडा घातला.

सी-४०३: सोडा पावडरपेक्षा साधारण तिप्पट जोरकस. शिवाय पावडरीत आंबट घटक आधीच असतो, सोड्याला तो बाहेरून लागतो, दही किंवा लिंबू. नाहीतर साबणासारखी चव येते.

बी-१०२: माझी गुळाची शेवयांची खीर दर वेळी नासते. गूळ इथलाच, अस्सल.

ए-१०१ काकू: गुळात थोडी आंबटाई असती, उकळत्या दुधात टाकला की दूध फाटतं. खीर उतरून जरा निवू दे, मग गूळ थोड्या पाण्यात विरघळवून, गाळून घाल. परत गॅसवर चढवू नको.

सी-४०३: मापाचंही बोलू. अमेरिकन रेसिपीतला कप साधारण २४० मिली. आपण वाटी घेतो, ती प्रत्येक घरात वेगळी. पीठ एका वाटीनं आणि दूध दुसऱ्याच भांड्यानं मोजलं की प्रमाण गेलंच. आपापली वाटी एकदा मोजून इथं टाका बरं.

बी-१०२: बाळाच्या दुधाच्या बाटलीनं मोजली. काठोकाठ १४० मिली.

ए-२०४: आमची स्टीलची, १८०.

ए-१०१ काकू: माझी सासूबाईंची पितळी. औषधाच्या टोपणानं मोजली, १० मिलीची २१ टोपणं बसली.

सी-४०३: बघा, एकाच बिल्डिंगमध्ये १४० ते २१०! काकू, तुमचे पदार्थ मला तुमच्याच वाटीनं लिहून घ्यायचेत. तुम्ही करा, मी शेजारी वजनकाटा आणि घड्याळ घेऊन उभी राहते. आच कधी कमी केली, रंग कसा दिसला, सगळं लिहिते.

ए-१०१ काकू: ये की. पर मी अंदाजानं टाकतो सगळं.

सी-४०३: तुम्ही अंदाजानंच हातात घ्या. भांड्यात पडायच्या आधी मी वजन करते.

बी-३०२ (दुपारी ३.१०): जेवणं झाली. रस्सा किंचित रवाळ लागत होता, पण रंग पांढराच राहिला आणि नणंदेनं दोनदा वाटी पुढं केली. काकूंनी तांबड्यालाही त्यांची कांदा-लसूण चटणी दिली. काकू, तुमचा डबा धुऊन ठेवलाय. रिकामा कसा देऊ, संध्याकाळी आणते.

ए-१०१ काकू: राहू दे गं. आता श्रावण लागतोय, रस्सा गणपतीनंतरच. खिरीपासून सुरू करू. बुधवारी ११ ला या, दूध मी आणून ठेवतो.