मदत हवी आहे: लिमा ते हुआनकायो रेल्वे आणि ७१ वर्षांचे बाबा

नमस्कार मंडळी,

बाबा रेल्वेत ड्रायव्हर होते. कर्जत-लोणावळा घाटात बँकर, म्हणजे चढावर गाडीला मागून ढकलणारं जादा इंजिन, चालवण्यात उमेदीची वर्षं गेली, १:३७ चा चढ झोपेतही पाठ. आता एकच धोशा लावलाय, पेरूतल्या त्या गाडीत बसायचं. बहीण सध्या कामासाठी लिमात आहे, तेव्हा राहायची सोय आहे. प्रश्न उंचीचा आहे.

ही लाइन समुद्राकाठच्या कायाओ बंदरापासून निघते, रिमाक नदीचं खोरं धरून अँडीज चढते आणि गालेरा बोगद्यात थेट सुमारे ४,७८० मीटरवर पोचते. म्हणजे सकाळी समुद्रसपाटी आणि त्याच दिवशी लेहपेक्षा सव्वा किलोमीटर वर! काम १८७० मध्ये सुरू झालं, वाटेतल्या ला ओरोया गावाला रूळ पोचायला १८९३ उजाडलं. दातेरी रूळ नाहीत. डोंगरात वळायला जागा उरली नाही की गाडी थांबते आणि वरच्या रुळांवर उलटी चढू लागते. बाबांचा जीव तिथेच अडकलाय, कारण खंडाळ्याजवळ पूर्वी असंच रिव्हर्सिंग स्टेशन होतं. त्यांनी ते फक्त जुन्या ड्रायव्हरांच्या तोंडून ऐकलंय.

बाबांना बीपीची गोळी चालू आहे. एजंट म्हणतो, 'काही होत नाही, कोकाच्या पानांचा चहा देतात.' माझा विश्वास बसत नाही. त्यात आईने कुठेतरी वाचलंय की ही लाइन बांधताना मजूर तापाने पटापट मेले. ते खरंच आहे. १८८५ मध्ये करिऑन नावाच्या वैद्यकीच्या विद्यार्थ्याने त्या रोगाचा छडा लावायला रुग्णाच्या फोडातलं रक्त स्वतःलाच टोचून घेतलं आणि तो गेला. वाटेतल्या एका पुलाला आज त्याचं नाव आहे. आईला हे सांगायला नको होतं.

कोणी ज्येष्ठांना घेऊन गेलंय का? मधे कुठे मुक्काम करावा?

प्रतिसाद १
आधी गाडी आहे का ते बघा. रोज धावतात त्या खनिजाच्या मालगाड्या, प्रवासी फेऱ्या अगदी मोजक्या. तारीख जाहीर झाल्याशिवाय विमानाची तिकिटं काढू नका. आणि कोकाच्या चहाच्या पुड्या आठवण म्हणून बॅगेत भरू नका, आपल्याकडे ती पानं अमली पदार्थांच्या कायद्यात येतात.

प्रतिसाद २
मी डॉक्टर आहे, पण बाबांना तपासलेलं नाही, हे लक्षात ठेवून वाचा. डायमॉक्स, म्हणजे उंचीच्या त्रासावरची गोळी, मनाने सुरू करू नका. सल्फाची ॲलर्जी आणि बीपीची गोळी कोणती, हे बघावं लागतं. निघण्यापूर्वी हृदयाची तपासणी करून घ्या. मजुरांना झालेला तो ताप वाळूमाशी चावून होतो. खोऱ्यात मुक्काम केलात तर संध्याकाळी अंगभर कपडे घाला, एवढं आईंना सांगा.

दुसरं, प्रवास उलटा करता येईल का? हुआनकायो ३,२६० मीटरवर आहे. तिथे आधी तीन-चार दिवस निवांत राहा, शरीराला सवय होऊ द्या आणि मग परतीची गाडी धरा, दिवसाची असेल तरच. मात्र हुआनकायोला बसने जाऊ नका, तो रस्ताही ४,८०० मीटरवरूनच जातो. जवळच्या हाउहाला विमान उतरतं. तेही ३,४०० मीटरवर आहे, म्हणून पहिला दिवस नुसती विश्रांती.

धागाकर्ता
मनापासून आभार. बाबांना सगळं वाचून दाखवलं. मला वाटलं, चढ हुकला म्हणून खट्टू होतील. तर म्हणाले, "चढायचं काय, इंजिन चढतं. एवढ्या उतारावर ब्रेक कसे लावतात तेच मला बघायचंय." सोमवारी त्यांना तपासणीला नेतोय.