कॉट्सवोल्ड्सच्या चार दिवसांबद्दल
इंग्लंडमधल्या कॉट्सवोल्ड्स या टेकड्यांच्या भागात चार दिवसांत अकरा गावं आणि सोबत आई-बाबा, हा तुमचा बेत वाचून राहवलं नाही म्हणून लिहितेय. निम्मी गावं सरळ कापा. नकाशावर दहा मैल दिसतात, पण दोन्ही बाजूंना उंच कुंपणं आणि मध्ये एकच गाडी जाईल एवढा रस्ता. समोरून ट्रॅक्टर आला की जरा रुंद जागा सापडेपर्यंत मागे जावं लागतं. डाव्या बाजूने चालवायची आपल्याला सवय असते, तो प्रश्न नाही. पांढऱ्या गोलात काळी तिरकी पट्टी असलेली वेगमर्यादेची पाटी मात्र नीट समजून घ्या. तिथे ताशी ६० मैलांची मुभा असते, पण अशा गल्लीवजा रस्त्यावर तीसनेही जीव घाबरतो.

बायबरीला सकाळी आठच्या आत पोहोचा. आर्लिंग्टन रो ही विणकरांच्या घरांची रांग, आणि समोरच्या पाणथळ कुरणात पूर्वी लोकर वाळत घालायचे. नऊनंतर तिथे फक्त गर्दी दिसते.

चिपिंग कॅम्पडन अजिबात वगळू नका. १६२७ सालचा तिथला छपराखालचा उघडा बाजारकट्टा मला सगळ्यात आवडला. खालची फरशी पावलांनी झिजून खड्डेखड्डे झालीय, बाबांचा हात धरा. कॅसल कूमला गाडी वर टेकडीवर लावून उतरावं लागतं. परतीचा चढ गुडघ्यांना जड जातो, तेव्हा आईंना विचारून ठरवा. त्याऐवजी लोअर स्लॉटर ते अप्पर स्लॉटर ही ओढ्याकाठची मैलभराची वाट त्यांना जास्त सुखाची होईल.