अनुभव धागा: सुपर मारिओ ओडिसीतली जांभळी नाणी कशी पुरी करता?

सुपर मारिओ ओडिसी (२०१७, निन्टेंडो स्विच) या खेळात पिवळी नाणी सगळीकडे चालतात, पण बहुतेक किंगडमचं (खेळातल्या एकेका जगाचं) स्वतःचं जांभळं नाणंही असतं आणि ते फक्त तिथल्याच दुकानात खपतं. सात किंगडममध्ये १००, सहांमध्ये ५०, एकूण १०००. शेवटची पाच-सहा नाणी बहुतेकांना छळतात. कुठे अडकतं, कसं सुटतं, ते नेमकं लिहा.

—

आधी हिशोब. वर दिसणारा आकडा हातातल्या नाण्यांचा असतो, त्यात खर्च झालेली धरलेली नसतात. म्हणून दुकानातल्या खरेदीची किंमत त्यात मिळवा, मग किती राहिली ते कळेल. नाणी बहुधा तीन-तीनच्या झुबक्यात असतात. तीन कमी असतील तर एक अख्खी जागा राहून गेली आहे. एक-दोन कमी असतील तर पाहिलेल्याच जागी कड्याच्या टोकाचं एखादं सुटलंय, नवा भाग धुंडाळू नका.

—

वरच्यात भर: कड्याबाहेर लोंबणाऱ्या नाण्यासाठी उडी मारू नका. कॅपी (मारिओची टोपी) फेकून बटण दाबून धरा, टोपी तिथेच फिरत राहते आणि नाणं उचलते. मेलात तरी जांभळ्यांना धक्का लागत नाही, पिवळी १० जातात.

—

सँड किंगडममध्ये विषारी दलदलीवरचे पूल डोळ्यांना दिसतच नाहीत. मो-आयचा (दगडी मुखवट्यासारखा प्राणी) ताबा घेऊन, म्हणजे त्याच्यावर कॅपी फेकून तोच बनून, गॉगल लावला की दिसतात, पण गॉगल लावल्यावर तो अगदी रांगत चालतो. लोक घाईने गॉगल काढून धावतात आणि वळणावर पडतात. सरळ पट्ट्यावर काढा, वळणाआधी पुन्हा लावा. याच किंगडममध्ये कपडे आधी घ्या. सोम्ब्रेरो आणि पोंचो घातल्याशिवाय नाचाच्या खोलीत सोडत नाहीत. शोभेच्या वस्तू आधी घेतल्या तर कपड्यांना नाणी उरत नाहीत आणि पुन्हा वणवण.

—

वूडेड किंगडममध्ये नव्वद नाण्यांच्या आसपास अडकलात, तर खाली डीप वूड्समध्ये (खालच्या अंधाऱ्या जंगलात) उतरलात का? वरच्या भागाच्या कडेवरून ढगात उडी टाकली की तिथेच पोचता, मरत नाही. खाली डायनासोर फिरतो, त्याच्या वाटेतून बाजूला राहा. वरच्या भागातली उंच नाणी अपरूटने (पाय लांब करणारा झाडासारखा प्राणी, त्याचा ताबा घेऊन): पाय ताणत वर जा आणि ताण पूर्ण झाल्यावरच उडी.

—

पाण्यातल्या नाण्यांना मारिओ म्हणून जाऊ नका, श्वास संपतो. सीसाइडमध्ये चीप चीप माशाचा ताबा घ्या, मग श्वासाची चिंताच नाही. उंचावर गशेन (पाणी फवारणारा सागरी प्राणी) वापरा. तो पाणी सोडून तरंगतो आणि समुद्रात टेकताच पुन्हा भरतो. स्नोमध्ये तर नुसत्या मारिओचा थंड पाण्यात जीव हळूहळू कमी होतो, तिथेही मासाच. लंचनमध्ये लाव्हाकाठची नाणी लाव्हा बबलचा (लाव्हातला जिवंत गोळा) ताबा घेऊन घ्या. मेट्रोमध्ये मात्र सुरुवातीला पावसात वेळ घालवू नका. राक्षस हरवून दिवस उजाडला की गच्च्या आणि तुळया स्वच्छ दिसतात. खांबाला कॅपी मारा, खांब वाकवून सोडला की मारिओ गच्चीवर.

—

एक गैरसमज: चंद्रखडक (मुख्य कथा संपल्यावर फोडता येणारा खडक) फोडल्यावर नवी जांभळी नाणी येतात असं बरेच धरून चालतात. नाही, त्यातून फक्त पॉवर मून (खेळात गोळा करायचे चंद्र) वाढतात. दुकानातला पॉवर मूनही १०० पिवळ्यांचा, जांभळी त्यावर खर्च होत नाहीत. आणि दुकानातल्या जांभळ्या काउंटरवरचं सगळं घ्यायचं तर त्या किंगडमचं एकूण एक नाणं लागतं, राखीव काही नाही.

—

हिंट देणारा टोड ५० पिवळ्यांत पॉवर मूनची जागा सांगतो, पोपट मूनची नावं सांगतो, जांभळ्यांबद्दल दोघेही गप्प. खरी मदत बाउझरच्या अमीबोची (स्विचला लावून स्कॅन करायची निन्टेंडोची छोटी मूर्ती): स्कॅन केला की नाण्यांच्या जागा थोडा वेळ उजळतात. अमीबो नसेल तर स्नॅपशॉट मोड (डी-पॅडचं खालचं बटण) घ्या. वेळ थांबतो, कॅमेरा हलवून भिंतीमागे आणि तुळईखाली डोकावता येतं. उंच जागी उभं राहून चारही दिशांना करा. बंद खोल्यांतही नाणी असतात आणि ती बाहेरून दिसत नाहीत, म्हणून पाइप आणि दारं आधी मोजा.