.२२ ची स्वस्त आणि महाग गोळी: ५० मीटरवर फरक नेमका कुठे पडतो?

थ्रीपोझिशन_नवा
रायफल अ‍ॅन्शुट्झ १९०७, प्रकार ५० मीटर थ्री पोझिशन (गुडघ्यावर, पालथं पडून आणि उभं राहून नेमबाजी). सरावाला एसके स्टँडर्ड प्लस ही स्वस्त गोळी वापरतो. स्पर्धेसाठी एले टेनेक्स किंवा लापुआ मिडास प्लस घ्यावी असं मनात आहे, पण किंमत साधारण तिप्पट पडते. एसकेच्या १० गोळ्यांत ८-९ एकत्र बसतात आणि एखादी सुटून जाते, बहुतेकदा खाली. हा दोष गोळीचा की माझा, हे कसं ओळखायचं? आणि तिप्पट पैसे मोजून गुण किती वाढतील?

वेगमापक
सुटलेली गोळी खाली जाते, हीच खूण धरून चला. मॅचची ४० ग्रेनची (साधारण २.६ ग्रॅमची) गोळी नळीतून साधारण ३२५ ते ३३० मीटर प्रतिसेकंद वेगाने निघते आणि ५० मीटर गाठेपर्यंत सुमारे १२५ मिलिमीटर खाली येते. गणित केलं तर वेगात १ मीटर प्रतिसेकंदाचा फरक म्हणजे निशाण्याच्या कार्डावर पाऊण मिलिमीटर वर-खाली. चांगल्या लॉटमध्ये (एका वेळी बनवलेल्या, एकच क्रमांक असलेल्या गोळ्यांमध्ये) १० गोळ्यांतली सर्वांत वेगवान आणि सर्वांत मंद यांच्यात ८-१० मीटर प्रतिसेकंदाचा फरक असतो, म्हणजे उभा पसारा ७ मिलिमीटरच्या आसपास. स्वस्त गोळीत हाच फरक १५-२० वर सहज जातो; तिथे नुसत्या वेगापायी ११ ते १५ मिलिमीटर गेले.

कारण रिममध्ये, म्हणजे केसच्या (पितळी नळकांड्याच्या) बुडाच्या कडेत आहे. प्रायमरचं, म्हणजे दारू पेटवणारं मिश्रण रिमच्या पोकळीत गोल फिरवून पसरवलेलं असतं. ते कुठे कमी-जास्त राहिलं की दारू वेगळ्या जोराने पेटते. महाग गोळीत मुख्यतः या सारखेपणाचे पैसे असतात.

पण गोळीला दोष देण्याआधी रिकामी केस उचलून रिमवरचा ठसा बघा. फायरिंग पिनची (रिमवर आदळणाऱ्या खिळ्याची) खूण उथळ किंवा दर वेळी वेगळ्या खोलीची दिसली, तर पिनची स्प्रिंग थकलेली असते किंवा बोल्टमध्ये तेल घट्ट झालेलं असतं. अशा रायफलीत टेनेक्स घातली तरी गोळ्या खालीच सुटतील.

आणि हाय व्हेलॉसिटी गोळी मॅचसाठी घेऊच नका. ती ध्वनीच्या वेगापेक्षा जोरात निघते, वाटेत त्या वेगाच्या खाली येताना डळमळते आणि वाराही तिला स्टँडर्डपेक्षा जास्त ढकलतो.

लॉटपारखी
वरच्या उत्तराशी सहमत, फक्त एक महत्त्वाची भर. नाव विकत घेऊ नका, लॉट विकत घ्या. एकाच नावाच्या दोन लॉटमध्ये, तुमच्या नळीपुरता, स्वस्त-महागाइतका फरक निघू शकतो.

प्रत्येक लॉटच्या दोन डब्या घ्या. एक पुरत नाही: पहिल्या १५ गोळ्या नळीत नव्या मेणाचा थर बसण्यात जातात आणि त्या मोजायच्या नसतात. मग १०-१० गोळ्यांचे चार ग्रुप. पुढे-मागे वाळूच्या पिशव्या, स्लिंग (हाताला बांधायचा पट्टा) नाही, गाल हलकाच टेकवलेला, वारा पडलेला असताना. बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत मोजून त्यातून ५.६ मिलिमीटर, म्हणजे गोळीचा व्यास, वजा करा. ५ गोळ्यांच्या ग्रुपवर विश्वास ठेवू नका. दहातली एक सुटणारी गोळी त्यात निम्म्या वेळा दिसतच नाही. चारही ग्रुप एकावर एक ठेवून ४० गोळ्यांचा एकच पसारा बघा. निवड त्यावर करा, सर्वांत सुंदर दिसणाऱ्या एका ग्रुपवर नाही.

१० ची रिंग १०.४ मिलिमीटर व्यासाची आणि रेषेला स्पर्श झाला तरी १० मिळतात. म्हणजे केंद्र ते केंद्र १६ मिलिमीटरच्या आत, नीट मधोमध बसलेला ग्रुप असेल तर गोळी एकही १० घालवणार नाही. ही तुमची कसोटी. या कसोटीला एसकेचा एखादा लॉट उतरला, तर तोच कार्टनने घेऊन ठेवा.

प्रोनवाली
गुणांचा हिशेब असा. रायफल धरण्याचा पसारा आणि गोळीचा पसारा यांची सरळ बेरीज होत नाही; वर्गांची बेरीज करून तिचं वर्गमूळ काढायचं. प्रोनमध्ये (पालथं पडून) तुमचा स्वतःचा पसारा ३० मिलिमीटर असेल, तर १५ पसाऱ्याची गोळी एकूण ३३.५ देते आणि २५ पसाऱ्याची ३९. स्टँडिंगमध्ये (उभं राहून) स्वतःचाच ५० असेल, तर हेच आकडे ५२ आणि ५६. म्हणून उभ्याच्या सरावाला महाग गोळी म्हणजे निव्वळ पैशाची नासाडी. ती प्रोन आणि नीलिंगसाठी (गुडघ्यावर बसून) राखा.

पात्रता फेरीत पूर्ण गुण मोजतात, ९.९ चे ९ होतात. पॅरिसला २०२४ मध्ये स्वप्नील कुसाळेचे पात्रतेत ६०० पैकी ५९० होते, म्हणजे ६० शॉटमध्ये फक्त १० गुण गेले. त्या पातळीवर रेषेवरच्या एका गोळीचंही मोल आहे. सध्या तुमचे ५६० च्या आसपास येत असतील, तर पैसे जास्त गोळ्यांवर घाला, महाग गोळ्यांवर नको.

थ्रीपोझिशन_नवा
मनापासून आभार. रिमची जाडी मोजून स्वस्त गोळ्या निवडल्या तर फायदा होतो का?

लॉटपारखी
फार थोडा. प्रायमरचा असमानपणा जाडी मोजणाऱ्या गेजला दिसत नाही, आणि दुखणं तिथेच आहे. त्याऐवजी गोळीच डोळ्यांजवळ धरून बघा: शिशावर ओरखडा, चेपलेलं टोक, मेणाला चिकटलेला वाळूचा कण किंवा डोक्याचा केस. अशा बाजूला काढा. भरताना टोक चेंबरच्या (नळीतल्या गोळी बसायच्या खोबणीच्या) कडेला घासू देऊ नका. डबी उन्हात उभ्या गाडीत ठेवली की मेण वितळून एका बाजूला ओघळतं, मग महाग लॉटही बिघडतो.

चेंबरच्या पुढे कार्बनचं काळं कडं जमलेलं नाही ना, हेही तपासा. ते असेल तर लॉटची तुलनाच खोटी ठरते. बोअर गाइड (सफाईची सळई सरळ ठेवणारी नळी) लावून ब्राँझच्या ब्रशने आधी ते काढा, मग मोजणीला बसा.